रेघा कोण पुसतंय

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे एका सुरात हो म्हणाले की मला ठरावात घोळ दिसतो. भाजीवाला स्वतःहून चांगले टोमॅटो निवडून द्यायला लागला तर मी पिशवी घरी येऊन नाही, तिथेच उघडते. नवरा पाहुण्यांसमोर सांगतो, हिला देव भेटला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल. पाहुणे हसतात. मी हसत नाही, कारण या स्वभावावरच मी नोकरी केली आणि ती चांगली केली.

मुलुंडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेल्या चित्रावर ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि शाईच्या पेनानं रेघ न रेघ उतरवायची. चुकलं तर अर्ध्या ब्लेडनं शाई हळूच खरवडून काढायची, कागदाला भोक न पाडता. पुढे कॉम्प्युटर आले, आम्ही तेही शिकलो, पण माझा हात शाईवरच घडलेला. मी उतरवलेला कागद तपासायला गेला की तपासनीस नुसता उजेडाकडे धरायचा आणि खाली सही करायचा. बाकी माझ्याकडे मिरवण्यासारखं फारसं काही नाही. रूप बेताचं, गळा त्याहून बेताचा. हात मात्र होता.

म्हणून निवृत्तीनंतर मी जेव्हा मातीकामाच्या क्लासला जायचं ठरवलं, तेव्हा भांडी घडवण्यापेक्षा त्यांच्यावरच्या रेघांनी मला ओढलं होतं. भाचीच्या घरी एक वाडगा पाहिला होता. पांढरट मातीचा, आणि त्यावर काळ्याभोर बारीक रेघा. बोट फिरवलं तर काही लागेना. रंगवलेल्या रेघेला थोडा तरी उंचवटा असतो. ही रेघ मातीच्या आत होती. मी तो वाडगा उलटासुलटा करून पाहिला, नखानं खरवडला, तेव्हा भाचीनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

क्लास गोरेगाव पूर्वेला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात होता. एका बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम, दुसऱ्या बाजूला मालिकांना कपडे भाड्यानं देणारा माणूस. त्याच्या दारात पोलिसांचे गणवेश आणि नवरीचे शालू एकाच दांडीवर वाळत असायचे. मंगळवार-शुक्रवार दुपारी बोरिवलीहून मेट्रोनं मी तिथे पोचायची. शिकवणारी मुलगी तिशीतली, सगळ्यांना काकू-काका म्हणणारी, हसतमुख. हसतमुख माणसांवर माझा पटकन विश्वास बसत नाही, पण तिला काम येत होतं.

ती आतली रेघ कशी होते ते तिनं पहिल्याच महिन्यात दाखवलं. भांडं घडवल्यावर ते अर्धवट सुकू द्यायचं, चामड्याइतकं घट्ट होईपर्यंत. मग जाड सुईनं त्यावर रेघ कोरायची. त्या चरीत काळी पातळ माती ब्रशनं भरायची. भरताना ती चहूकडे पसरते, सगळं भांडं काळं बरबटतं, नक्षीचा पत्ता राहत नाही. नवख्या माणसाला वाटतं, वाट लागली. ते तसंच सुकू द्यायचं आणि मग लोखंडी पातीनं वरचा थर हलक्या हातानं खरवडायचा. वरची काळी माती निघून जाते, चरीतली राहते. पांढऱ्या अंगावर रेघ उघडी पडते, जशी कोरली असेल तशीच. कोरताना जे झालं ते सगळं दिसतं.

खरवडणं म्हटल्यावर मला अर्धं ब्लेड आठवलं. मला वाटलं, हे काम माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं कुणीतरी. पहिले काही वाडगे असे झाले की शिकवणारीनं त्यांचे फोटो काढले. मी घरी आल्यावर नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

माझ्या टेबलावर शेजारी एक दातांच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. माझ्याच वयाच्या. वडील गिरणीत होते, मूळ मालवणकडच्या. घाटकोपरला अनेक वर्षं दवाखाना चालवून त्यांनी तो बंद केला होता. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला एकेरीत घेतलं. "काय गं, बोरिवलीची ना तू?" मी मुद्दाम अहो-जाहो करत राहिले. माझा पहिला संशय साधा होता. घाटकोपरच्या बाईला गोरेगावपर्यंत यायची काय गरज? तिकडे मातीचे क्लास नाहीत? मी विचारलं तर म्हणाल्या, "तिकडे क्लासला गेले ना, तर अर्धा वर्ग तोंड उघडून दाढ दाखवेल." सगळे हसले. मला उत्तर फार तयार वाटलं.

दुसरा संशय असा की या बाई माझ्या हातांकडे बघायच्या. भांड्याकडे नाही, नक्षीकडे नाही, हातांकडे. मी चहाचा कप खाली ठेवून हात मांडीवर घेतले की त्यांची नजर तिथे. मी कोरायला लागले की आपलं काम थांबवून त्या पाहत बसायच्या. मला वाटलं, माझी पद्धत उचलतायत. मी वाडगा जरा पलीकडे फिरवून काम करायला लागले.

मग त्या काहीबाही विचारायला लागल्या. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "आल्याचा वास येतोय का गं तुला?"

"आलं घातलंय का?" मी म्हटलं.

त्यांनी नुसती मान हलवली. चहा मीच करून आणला होता थर्मासमध्ये, त्यात आलं मीच ठेचून घातलं होतं, हे मला घरी गेल्यावर आठवलं. तेव्हा वाटलं, बाई माझ्या चहाला नावं ठेवतायत. आणखी एकदा मला झोप कशी लागते विचारलं, झोपेत हातपाय झाडतेस का, नवऱ्याला विचार म्हणाल्या. आता हे काय विचारायचं असतं परक्या बाईला? मी म्हटलं, "आमच्याकडे सगळं शांत असतं." प्रत्यक्षात नवरा उन्हाळ्यातच उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला होता. मी लाथा मारते अशी त्याची तक्रार होती, आणि एसीसमोर झोपायला त्यानं ही युक्ती काढली असा माझा तर्क होता.

एका शुक्रवारी मी नळावरून हात धुऊन आले तर बाई माझ्या फळीपाशी उभ्या. फळीवर माझे झालेले वाडगे एकात एक न घालता नीट ओळीनं मांडलेले असत. बाईंनी ते एकेक करून उलटे केले होते आणि बूड निरखत होत्या. बुडाशी आम्ही प्रत्येकजण सुईनं आपलं नाव कोरतो, कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून.

"काही हवंय का, डॉक्टर?"

"नाही गं. तुझी सही बघत होते."

"का?"

"छान आहे," त्या म्हणाल्या आणि वाडगे सुलटे करून गेल्या. माझी सही छान नाही. नोकरीत जिची अक्षरं एका उंचीत बसायची तिलाच सहीचं वाकडं वळण लाभलं, असं ऑफिसात चिडवायचे. म्हणजे बाई खोटं बोलत होत्या, आणि हे मला पटायला आणखी पुरावा नको होता.

त्याच सुमारास माझ्या रेघा पुसल्या जाऊ लागल्या.

म्हणजे असं. मी एका वाडग्याला गोल फिरत्या समांतर रेघा कोरल्या, काळी माती भरली, आणि पुढच्या वेळी खरवडायला घेतला. अर्ध्या भागात रेघा ठसठशीत निघाल्या. पुढे त्या फिकट होत गेल्या आणि शेवटी नाहीशाच. पांढरी माती कोरी करकरीत. मी म्हटलं, असेल, खरवडताना हात जड झाला असेल. पुढच्या वाडग्याला जपून खरवडलं. तेच झालं. तिसऱ्यालाही तेच, आणि दर वेळी एकाच बाजूला.

एकाच बाजूला म्हटल्यावर माझ्यातला तपासनीस जागा झाला. रेघ कोरायला मी जिथून सुरुवात करते तिथे बुडाशी एक खूण करते. खूण पुढे ठेवूनच मी वाडगा फळीवर मांडायची. पुसलेला भाग नेमका मागे, भिंतीकडे यायचा. म्हणजे कुणीतरी, काळी माती सुकायच्या आत, ओल्या फडक्यानं मागची बाजू पुसत होतं, जेणेकरून समोरून कुणाला काही दिसू नये. मी वाडगा उलट्या बाजूनं ठेवून पाहिला. तरी तोच भाग पुसलेला. म्हणजे पुसणारी व्यक्ती वाडगा फिरवून पाहण्याइतकी हुशार होती. माझ्या हिशोबात सगळं बसत होतं.

मी शिकवणारीकडे तक्रार केली. नाव घेतलं नाही, पण आवाज पुरेसा मोठा ठेवला. तिनं वाडगा हातात घेतला, बोट फिरवलं आणि जरा अडखळत म्हणाली, "काकू, थोडं खोल कोरून बघाल का? शेवटी शेवटी प्रेशर कमी पडतंय का ते..."

मला रेघ शिकवत होती ती. मला. मी तिला सांगितलं की मी ज्या वर्षी शाईचं पेन हातात धरलं त्या वर्षी तिचे आई-वडील शाळेत असतील. ती सॉरी म्हणाली. डॉक्टरीणबाई आपल्या भांड्यावर ब्रश फिरवत होत्या आणि वर बघत नव्हत्या. ज्या बाईचं सगळं लक्ष एरवी माझ्याकडे असतं, तिला नेमकी याच वेळी मान वर करायची नव्हती.

तेव्हापासून मी वाडगा नुसता कोरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची आणि काळी माती पुढच्या वेळी, माझ्या डोळ्यांदेखत भरायची. आणि त्यानंतर रेघा पुसल्या जाणं थांबलं. एकदम. पुढचा वाडगा खरवडला तर रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळीभोर, कुठे खंड नाही. त्यापुढचाही तसाच. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. मी म्हटलं, बघ, तक्रार केल्याबरोबर चोर घाबरला.

पण माझ्या डोळ्यांना काही सहजासहजी फसवता येत नाही. एका मंगळवारी मी चष्मा पुसून वाडगा नाकाशी धरला. सुरुवातीची रेघ सुईची होती, बारीक, दोन्ही कडा धारदार. अर्ध्यानंतरची रेघ किंचित रुंद होती आणि कडा गुळगुळीत. हे एका हत्याराचं काम नव्हतं. ऑफिसात दोघींनी एकच ड्रॉइंग वाटून घेतलं तर जोड कुठे आहे हे मी लांबून सांगायची. इथेही जोड होता. कुणीतरी माझ्या वाडग्यावर माझ्या रेघा काढत होतं.

पुसण्यापेक्षा हे मला जास्त लागलं. पुसणाऱ्याला निदान माझा हेवा तरी वाटत असेल.

शुक्रवारी मी क्लासच्या वेळेआधी बरीच लवकर निघाले. नवऱ्याला सांगितलं, बँकेत काम आहे. गाळ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. शिकवणारी भट्टीच्या खोलीत होती, आतून पंख्याचा आवाज येत होता. आणि आमच्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात, डॉक्टरीणबाई माझा वाडगा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मंगळवारी मी कोरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला वाडगा. त्यांच्या हातात दात कोरायचं स्टीलचं हत्यार होतं, टोकाशी वाकलेलं.

"सापडलात!" मी म्हटलं. खरंच असं म्हटलं, लहान मुलांच्या खेळातल्यासारखं.

त्या दचकल्या नाहीत. हत्यार खाली ठेवलं. मी मात्र थांबले नाही. रेघा पुसण्यापासून सहीपर्यंत सगळं मी त्यांच्यापुढे मांडलं, एकामागून एक. शेवटी म्हटलं, "लाज वाटत नाही? एवढ्या शिकलेल्या बाई तुम्ही."

"तुका काय वाटला, मी पुसतंय तुझ्यो रेघो?" रागावल्यावर त्या मालवणीत गेल्या, हे मला तेव्हा कळलं. मग स्वतःला सावरून म्हणाल्या, "कुणी पुसत नव्हतं गं. रेघ उथळ असली की खरवडताना निघून जाते. तुझी सुरुवातीला खोल असते. मग उथळ होत जाते. मी फक्त खोल करत होते."

"माझी रेघ उथळ होत नाही."

"बस," त्या म्हणाल्या.

"मी बसणार नाही."

"बस गं. दोन्ही हात मांडीवर ठेव, सैल. आणि शंभरापासून उलटे आकडे म्हण. मोठ्यानं."

मी बसले ते केवळ त्यांना खोटं पाडायला. हात मांडीवर ठेवले. शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव. उलटे आकडे म्हणताना जरा लक्ष लावावं लागतं. सत्त्याण्णव, शहाण्णव. त्या मान खाली करून माझ्या मांडीकडे पाहत राहिल्या, म्हणून मीही पाहिलं.

माझा उजवा अंगठा हलत होता. तर्जनीच्या पेरावर पुढे-मागे, संथपणे, जपमाळ ओढावी तसा. मी तो हलवत नव्हते. मी त्याला थांब म्हटलं, तेव्हा थांबला. पुन्हा आकड्यांकडे वळले तर पुन्हा सुरू झाला.

मग त्यांनी माझे वाडगे आणून ओळीनं उलटे ठेवले, पहिल्यापासून. पहिल्यावर माझं नाव बुडभर पसरलं होतं. पुढे ते आक्रसत गेलं होतं, आणि अलीकडच्या वाडग्यावर मुंगीएवढी अक्षरं, चष्म्याशिवाय न वाचता येणारी. ही सगळी मीच कोरली होती. प्रत्येक वेळी मला ती नेहमीएवढीच वाटली होती.

"माझ्या नवऱ्याचं असंच सुरू झालं," त्या म्हणाल्या. "आधी सही लहान झाली. वास जायला लागला, झोपेत लाथा मारायला लागला. मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघायची, त्याच्या हाताकडे बघितलंच नाही. आळशी झालास म्हणून भांडायची त्याच्याशी. पुढे तो गेला. मी मेंदूची डॉक्टर नव्हे. माझं चुकतही असेल. म्हणून बोलले नाही. आणि तू? मी नुसतं बघितलं तरी वाडगा फिरवून घेतेस. तुला सांगायचं कसं?"

मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला, अजून आठवला तरी येतो. मी म्हटलं, "रेघा पुसल्या जात होत्या तेव्हा मी निदान शोधत तरी होते. तुम्ही त्या खोल केल्यात म्हणून मला सगळं ठीक वाटलं. माझा आजार तुम्ही माझ्यापासूनच झाकलात." त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हे कधी असं पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "खराच गे," आणि हत्यार उचलून पर्समध्ये ठेवलं. माझा संशय अगदीच चुकीचा नव्हता, एवढंच त्या दिवशी माझ्या बाजूनं होतं.

घरी मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन आल्याचा तुकडा मोडला आणि नाकाला लावला. मग हिंगाची डबी उघडली. मग कापूर. कापूर नाकाला लावून मी ओट्याशी उभी राहिले आणि मला इतकी भीती वाटली की गॅस चालू आहे का बंद, हे मी हातानं चाचपून पाहिलं.

पुढचं सगळ्या घरांत होतं तसंच झालं. अंधेरीच्या मोठ्या डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर एक गोल गोल फिरत जाणारी रेघ काढायला सांगितली. आयुष्यभर रेघा काढलेल्या बाईनं ती काढली, ती आक्रसलेली आणि नागमोडी निघाली, आणि बाईनं आधी पेन उलटसुलट करून बघितलं. डॉक्टरांनी दुसरं पेन दिलं. त्यानंही तेच निघालं. आजाराचं नाव त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नवऱ्यानं माझा हात धरला, उजवा, आणि लिफ्टमध्ये, रिक्षात, घराचं कुलूप उघडेपर्यंत सोडला नाही. त्याला एका हातानं कुलूप उघडता येईना, तरी सोडला नाही.

काही आठवडे मी क्लासला गेले नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन येत होता, मी घेत नव्हते. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी बरं वाटतं, पण त्या वेळेवर घ्याव्या लागतात आणि मला त्यांच्यावर भरवसा नाही. गोळी घेतल्यावर जो हात चांगला चालतो तो माझा की गोळीचा, हा प्रश्न मला पडतो. म्हणून कधीकधी मी ती घेत नाही, आणि बघते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवरा विचारतो, मी हो म्हणते, तो बिचारा लगेच मानतो.

शेवटी एका मंगळवारी गेलेच. टेबलावर माझी जागा तशीच होती. शिकवणारीनं एक नवा वाडगा माझ्यापुढे ठेवला, कोरण्याइतका सुकलेला. बाई शेजारी बसल्या होत्या. मी सुई घेतली, रेघेला सुरुवात केली. पाव भागापर्यंत ठीक चाललं. मग मला जाणवलं, पहिल्यांदाच स्वतःहून जाणवलं, की हात हलका पडतोय. सुई मातीवरून नुसती घसरत होती. मी थांबले. त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "तुझं ते हत्यार काढ. पण आता जे करायचं ते माझ्यासमोर कर."

मी त्यांना तू म्हटलं हे दोघींच्याही लक्षात आलं. त्यांनी पर्समध्ये हात घातला नाही. आपलं काम बाजूला सारलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं, पूर्वीसारखंच, जराही न लपवता.

"गोळी घेतलीस दुपारची?"

"हो."

"कधी?"

"जेवल्यावर. घेतली गं."

"डबी दाखव."

आजवर कुणी माझ्या शब्दावर असा अविश्वास दाखवला असता तर मी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. मी पर्स उघडली आणि डबी तिच्यापुढे ठेवली. दुपारच्या खणातली गोळी तिथेच होती. तिनं ती बोटानं बाहेर काढली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि आपल्या बाटलीचं झाकण उघडून बाटली माझ्यापुढे धरली. मी गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि गिळल्यावर म्हणाली, "आता तोंड उघड बघू."

मी तोंड उघडलं.